पाणी घालायचं राहिलंच होतं

आमच्या ऑफिसात मला झाडांची बाई म्हणतात. उरणजवळ जासईला कंटेनरच्या यार्डात आमचं ऑफिस आहे. खिडकीबाहेर लोखंडी पेट्या एकावर एक रचलेल्या, ट्रेलरची धूळ, आणि आत मी दिवसभर आयातीची कागदपत्रं तपासत बसते. पण जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले की मला विचारलेला पहिला प्रश्न कागदांबद्दल नसतो. कुणाच्या कढीपत्त्याला कित्येक महिन्यांत नवं पान नाही, कुणाच्या जास्वंदीच्या कळ्या उमलायच्या आधी गळतात, कुणाच्या तुळशीची नुसती काडी उरलेली असते.

माझी उत्तरं साधी असतात. कढीपत्त्याचा शेंडा खुडा, म्हणजे तो बाजूने फुटतो, आणि अधूनमधून पातळ आंबट ताक द्या. जास्वंदीची पानं उलटी करून बघा. कापसासारखं पांढरं चिकटलं असेल तर तो पिठ्या ढेकूण आहे. साबणाचं अगदी पातळ पाणी संध्याकाळी फवारा आणि सकाळी झाड स्वच्छ धुऊन काढा. तुळशीच्या मंजिऱ्या कोवळ्या असतानाच खुडत जा, बी धरलं की ती म्हातारी होते. मोगरा फुलत नसेल तर त्याला उन्हात ठेवा आणि हात आखडता न घेता छाटा. लोक ऐकतात, करतात आणि पंधरवड्याने मोबाइलवर फोटो दाखवायला येतात. मला बरं वाटतं, नाही कशाला म्हणू.

त्यामुळे मागच्या उन्हाळ्यात माझ्याच गच्चीतली झाडं एकामागून एक माना टाकायला लागली तेव्हा मी ऑफिसात कुणाला काही बोलले नाही.

आम्ही राहतो पनवेलजवळ विचुंब्याला. फ्लॅट पहिल्या मजल्यावर, आणि हॉलला लागून बऱ्यापैकी मोठी उघडी गच्ची. खरं तर त्या गच्चीसाठीच आम्ही हे घर घेतलं. नवऱ्याला स्टेशनजवळचं हवं होतं, कारण तो खारघरला एका कॉलेजच्या ऑफिसात नोकरी करतो. पण गच्ची बघितल्यावर माझा चेहरा कसा झाला ते त्याने पाहिलं आणि पुढे काही बोलला नाही.

त्या उन्हाळ्याआधीच्या दिवाळीनंतर माझे सासरे महाडहून आमच्याकडे राहायला आले. सासूबाई गेल्यावर दोन वर्षं ते एकटेच राहत होते. आम्ही कितीदा बोलावलं तरी येत नव्हते. मग एकदा जिन्यात पाय घसरला, फार लागलं नाही, पण त्यांचं त्यांनाच काय वाटलं कोण जाणे, फोन करून म्हणाले, "गाडी घेऊन ये, येतो मी." बाबा एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. कुठली गाडी किती वाजता सुटते, कुठे थांबते, कुठे चुकली तर पुढची कोणती, हे सांगण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. माणूस टापटिपीचा. आल्या आल्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला विचारलं, "मी घरात काय करू ते सांग. नुसतं बसून राहायला मला जमायचं नाही."

मी म्हटलं, "बाबा, झाडांना पाणी घालाल का?"

"एवढंच?"

"एवढंच म्हणू नका. माझी सकाळची बस चुकते त्यापायी."

ते खूश झाले. कंपनीची बस मला हायवेवर लवकर गाठावी लागते आणि झारी घेऊन गच्चीत गेलं की माझा पाय निघत नाही. आता तो प्रश्न मिटला. मी निघताना बाबा गच्चीत असायचे, झारी दोन्ही हातांनी धरून, प्रत्येक कुंडीपाशी थोडे वाकून. हिवाळाभर सगळं छान चाललं.

मार्चच्या शेवटी मोगऱ्याची खालची पानं पिवळी पडली. उन्हाळ्याच्या तोंडाला एखाददुसरं पान पिवळं होतंच, म्हणून मी लक्ष दिलं नाही. मग गुलाबाची पानं गळली. कढीपत्ता मलूल झाला. कोरफडीची पानं बुडापाशी मऊ आणि काचेसारखी दिसायला लागली. कुंड्यांवर बारीक काळी चिलटं उडायला लागली आणि दोन कुंड्यांच्या मातीवर पांढरट बुरशीचा थर आला.

एखाद्याने हे सगळं मला डब्याच्या वेळी सांगितलं असतं तर मी घास खाली न ठेवता उत्तर दिलं असतं की पाणी जास्त होतंय. पण घरच्या झाडांचं तसं होत नाही. पाणी तर बाबा घालतात, दिवसातून एकदा, मीच सांगितलंय. म्हणून मी बाकीचं सगळं शोधत राहिले. खत जास्त झालं असेल म्हणून खत बंद केलं. ऊन लागत असेल म्हणून हिरवी जाळी बांधली. एका रविवारी शेवटी मोगऱ्याची कुंडी आडवी केली आणि झाड हळूच मातीसकट बाहेर काढलं. आधी वास आला, तुंबलेल्या मोरीसारखा. मुळं पांढरी आणि टणक असायला हवीत, ती तपकिरी होऊन बोटांत साल सुटून येत होती. भर उन्हाळ्यात माती चिखलासारखी गार.

मी बाबांना विचारलं, "बाबा, पाणी किती वेळा घालता?"

"एकदाच. सकाळी. तू सांगितलंस तसं."

त्यांनी ते इतकं सहज सांगितलं की मला खोटं वाटायचं कारणच नव्हतं. मी कुंड्यांची भोकं तपासली, खराट्याच्या काडीने मोकळी केली. मोगऱ्याची कुजलेली मुळं स्वच्छ कात्रीने कापून टाकली, कापल्या जागी हळद लावली, वरचंही झाड तेवढ्याच मापाने छाटलं, कारण उरलेल्या मुळांना सगळा विस्तार झेपत नाही. लहान कुंडीत अर्धी माती, बाकी रेती आणि जुनं शेणखत असं मिश्रण भरून त्याला सावलीत ठेवलं.

त्याच आठवड्यात आमच्या खाली, तळमजल्यावर राहणाऱ्या मावशी वर आल्या. मावशी इथल्याच, मूळ विचुंबे गावातल्या. जमीन बिल्डरला गेली त्यात त्यांना हा फ्लॅट मिळाला. त्याच्या मागे जी चिंचोळी मोकळी जागा आहे तिथे त्यांचा सगळा संसार चालतो. धुणं, वाळवणं, भाजीचे दोन वाफे. एप्रिल म्हणजे त्यांच्या मसाल्याचे दिवस.

"वयनी, राग नका मानू," त्या म्हणाल्या. "तुमचे गच्चीचा पाइप दिवसभर गळतो. मी मिरच्या सुकत घातल्यात. एकडून उचलून तकडं घालते, तरी शिंतोडे येतात."

"दिवसभर?" मी विचारलं. "सकाळी येत असेल ना?"

"सकाळी येतो, जेवणाचे वक्ताला येतो, मी चा ठेवते तवा पन येतो. मला वाटलं नळ उघडा राहतो तुमचा."

मी माफी मागितली, बघते म्हणाले. दार लावलं आणि तिथेच उभी राहिले. नळ उघडा राहत नव्हता, ते मला माहीत होतं.

पुढच्या रविवारी मी मुद्दाम हॉलमध्ये बसले, मेथी निवडायला घेऊन. बाबांनी चहा घेतला, झारी भरली, सगळ्या कुंड्यांना पाणी घातलं, झारी जागेवर ठेवली. आत येऊन पेपर उघडला. पेपर वाचून झाल्यावर चष्मा काढला, गच्चीकडे पाहिलं आणि उठले. "अरे, पाणी घालायचं राहिलंच होतं," ते स्वतःशीच म्हणाले. पुन्हा झारी भरली. पुन्हा प्रत्येक कुंडीपाशी थोडं वाकून, कुठे पान वाळलं असेल तर ते खुडून, तितक्याच काळजीने. अंघोळ झाल्यावर पुन्हा तेच. "पाणी घालायचं राहिलंच होतं." त्या वाक्यात थोडी अपराधी घाई असायची, जणू झाडं ताटकळत बसली आहेत.

मेथी माझ्या मांडीवर तशीच राहिली. झाडांचं कोडं सुटलं होतं आणि मला ते सुटायला नको होतं.

नवऱ्याला मी खाली पार्किंगमध्ये नेऊन सांगितलं. तो गाडीच्या बॉनेटला टेकून ऐकत राहिला. बाबांचे थोरले भाऊ शेवटची काही वर्षं कुणालाच ओळखत नव्हते. नवरा लहानपणी ज्यांच्या खांद्यावर बसून जत्रेला जायचा, त्या काकांनी एकदा त्याला घरात यायला दार उघडलं नव्हतं. ते त्याने मला लग्नानंतर एकदाच सांगितलं होतं. त्या दिवशीही तो काकांचं नाव न घेता एवढंच म्हणाला, "सुरुवात अशीच होते."

डॉक्टरांकडे कधी न्यायचं, काय सांगून न्यायचं, यात आठ-दहा दिवस गेले. दरम्यान झाडं तरी वाचवावीत म्हणून मी एक सोपा उपाय केला. ऑफिसला जाताना झारी कपाटात ठेवून दिली. संध्याकाळी घरी आले तर बाबा खुर्चीत गप्प बसलेले. गच्चीत तांब्या होता, कुंड्या ओल्या होत्या आणि गच्चीच्या दारापासून मोरीपर्यंत फरशीवर पाण्याचे थेंब वाळलेले दिसत होते. तांब्यातांब्याने त्यांनी पाणी नेलं होतं. ओल्या फरशीवरून, जिन्यात पाय घसरलेल्या माणसाने.

मी चहा केला. कप घेऊन आम्ही दोघं गच्चीत बसलो. थोड्या वेळाने त्यांनीच विचारलं, "झारी तू उचललीस ना?"

"हो."

"मी पुन्हा पुन्हा पाणी घालतो म्हणून?"

मी मान हलवली.

"कधीकधी मला कळतं गं," ते म्हणाले. "माती ओली दिसते. मग वाटतं, हे कालचं ओलं असेल. आज घातलं का, ते आठवत नाही. आठवायला गेलं की डोक्यात नुसतं धुकं. मग मी विचार करतो, नसेल घातलं तर? झाड मेलं तर तू म्हणशील, एवढं एक काम दिलं होतं, तेही झालं नाही. त्यापेक्षा घालून टाकलेलं बरं."

"मी असं म्हणेन का, बाबा?"

"म्हणणार नाहीस. म्हणून तर जास्त वाटतं."

मग मीही जे होतं ते सांगितलं. झाडं कशाने आजारी पडली, मुळं कशी कुजली, खालच्या मावशींच्या मिरच्या. ते लक्ष देऊन ऐकत होते. छाटलेल्या मोगऱ्याची कुंडी त्यांनी जवळ मागवून घेतली, बघितली आणि म्हणाले, "डॉक्टरकडे जायचं असेल तर चला. माझी ना नाही. मलाही कळू दे काय आहे ते."

आम्ही दहा दिवस ज्या वाक्याची जुळवाजुळव करत होतो ते त्यांनीच बोलून टाकलं.

पनवेल गावातल्या डॉक्टरबाई बाबांशी बराच वेळ बोलल्या. काय खाता, झोप कशी लागते, कुठल्या गोळ्या घेता. तेव्हा कळलं की महाडला एकटे असताना बाबांचं जेवण म्हणजे बहुतेक वेळा चहा, टोस्ट आणि रात्री पेज. मासे सासूबाई होत्या तोवर. ॲसिडिटीची एक गोळी मात्र ते कित्येक वर्षं रोज घेत होते, कुणीतरी कधीतरी दिलेली, बंद करा असं कुणी सांगितलंच नव्हतं. डॉक्टरबाईंनी रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या, डोक्याचा स्कॅन करायला सांगितला आणि रिपोर्ट घेऊन पुन्हा बोलावलं.

मधले दिवस कसे गेले ते सांगण्यासारखं नाही. मी ऑफिसात एकाच कागदावर दोनदा शिक्का मारला. नवरा रोज घरी आला की बाबांना काहीतरी विचारायचा, आज जेवणात काय होतं, सकाळी कुणाचा फोन आला होता. ती परीक्षाच असायची आणि बाबांना ते कळायचं. एकदा ते म्हणाले, "भेंडी होती. आणि तू मास्तर कधी झालास?"

रिपोर्ट आले. बी-ट्वेल्व्ह इतकं कमी की डॉक्टरबाईंनी चष्मा लावून पुन्हा आकडा वाचला. थायरॉइडही मंदावलेलं. स्कॅन त्यांच्या वयाला साजेसा.

"थोडं विसरणं या वयात राहणारच," त्या म्हणाल्या. "तेवढं सगळ्यांचंच राहतं. पण ज्या आजाराला घाबरून तुम्ही आला आहात त्याची लक्षणं मला आज तरी दिसत नाहीत. हे भरून निघण्यासारखं आहे. इंजेक्शनं घेऊ, गोळी सुरू करू, ती ॲसिडिटीची बंद करू आणि काही महिन्यांनी बघू."

बाबांनी विचारलं, "म्हणजे मला कमतरता आहे?"

"हो आजोबा."

"मग ठीक आहे," ते म्हणाले, आणि उठून चपला शोधायला लागले.

बाहेर रस्त्यावर रसवंती होती. नवऱ्याने तिघांसाठी उसाचा रस सांगितला. स्वतःचा ग्लास एका दमात संपवला, दुसरा मागवला, तोही संपवला. मग रुमालाने तोंड पुसायच्या निमित्ताने तो बराच वेळ रुमाल तोंडावरच धरून उभा राहिला. बाबा त्याच्याकडे बघत नव्हते. ते रसवाल्याशी बोलत होते, ऊस कुठून येतो म्हणून. मी मात्र त्या कडक उन्हात, गाड्यांच्या हॉर्नमध्ये, कित्येक दिवसांनी खांदे सैल सोडून उभी होते.

इंजेक्शनांचा गुण यायला वेळ लागतो, हे डॉक्टरबाईंनी सांगितलंच होतं. तोवर पाण्याचं काय? काम काढून घेणं मला नको होतं. झारी लपवून काय झालं ते मी बघितलं होतं. नवरा म्हणाला, भिंतीवर पाटी लावू, पाणी घातलं की उलटवायची. दोन दिवस ती उलटसुलट झाली आणि मग पाटी खरं सांगते की माती, असा बाबांना नवाच प्रश्न पडायला लागला. ती काढून टाकली.

मी मावशींकडे गेले. मिरच्यांबद्दल पुन्हा एकदा बोलायचं होतं आणि खरं कारणही सांगायचं होतं, कारण त्यांना अजून नळच वाटत होता. मावशी मागच्या दारी बसून मिरच्यांची देठं काढत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, हात चालूच.

"पानी घालाचा नाद चांगला हाय," त्या म्हणाल्या. "मानूस काय वाईट करत नाय. पन तुमची झाडं नाजूक. म्हाताऱ्याला अळू द्या ना. अळवाला दिवसभर पानी घाला, ते नको म्हनाचा नाय."

त्यांनी बोट केलं. त्यांच्या मोरीचं पाणी जिथे जातं तिथे हात-हातभर रुंद पानांचं अळू माजलं होतं.

मी हसले, आणि मग हसता हसता थांबले. इतके दिवस मी बाबांचं पाणी कमी कसं करायचं, एवढ्यावरच डोकं खपवत होते. झाडं बदलता येतात, हे माझ्या, झाडांच्या बाईच्या, ध्यानातच आलं नव्हतं. मावशींना तसं बोलून दाखवलं तर त्या म्हणाल्या, "तुमचे घरात चिंता होती. चिंतेत काय सुचते?" आणि काळ्या देठाच्या, वडीला लागतं त्या अळवाचे चार कंद उपटून माझ्या हातात दिले.

पुढचे दोन रविवार आम्ही तिघंही गच्चीत राबलो. कमी पाण्याची झाडं, म्हणजे कोरफड, गुलाब, मोगरा, कढीपत्ता, ही सगळी बेडरूमच्या खिडकीच्या ग्रिलमध्ये आणि स्वयंपाकघराच्या बाल्कनीत गेली. ती माझी. गच्चीत आले मोठे प्लॅस्टिकचे टब. तळाला भोक नाही, पण काठापासून चार बोटं खाली एक भोक आणि त्याला नळी, म्हणजे पाणी कितीही झालं तरी वरचं तेवढं निघून जाईल. ती नळी आम्ही गच्चीच्या दुसऱ्या कोपऱ्यातल्या पाइपाला नेऊन जोडली, जो मावशींच्या बाजूला उतरत नाही. टबांत शेतातली चिकणमाती. दोन टबांत अळू, एकात कर्दळ, एका पसरट टबात पुदिना आणि ब्राह्मी, एकात छत्रीसारखं उघडणारं ते उंच गवत. माथेरान रस्त्यावरच्या नर्सरीतून वॉटर लिलीचा एक कंद आणला. साठलेल्या पाण्यात डास होतात, म्हणून लिलीच्या टबात गप्पी मासे सोडले. ते अळ्या खातात, त्यांना वेगळं काही घालावं लागत नाही.

बाबांना मी आधीच स्पष्ट सांगितलं होतं. "ही सगळी पाण्याची झाडं आहेत. यांना जास्त पाण्याने काही होत नाही. तुम्हाला आठवलं तर घाला, नाही आठवलं तरी घाला."

ते थोडा वेळ टबांकडे बघत राहिले. मला वाटलं, मनाला लागलं की काय. मग ते म्हणाले, "म्हणजे माझ्या सोयीने झाडं आणलीस."

"हो. माझी सकाळची बस चुकू नये म्हणून."

ते हसले. "आणि आतल्या झाडांचं कोण बघणार?"

"मी. तुम्हाला बघायचं असेल तर आधी मातीत बोट घालायचं, दुसऱ्या पेरापर्यंत. बोटाला माती चिकटली तर पाणी नाही."

"हे सोपं आहे," ते म्हणाले. "यात आठवायचं काही नाही."

आणि खरंच होतं ते. पुढे ते आतल्या झाडांजवळही जायला लागले, पण बोट घालून बघूनच. एक गुलाब गेला. कोरफडीचं बूड कुजलं होतं, पण एका बाजूला दोन पिलं टवटवीत होती, ती काढून दोन दिवस सावलीत सुकवली आणि कोरड्या रेतीत लावली, ती जगली. कढीपत्त्याने बरेच दिवस घेतले. मोगऱ्याची नुसती काटकी उरली होती. एका सकाळी तिच्या पेरावर तांदळाच्या दाण्याएवढा हिरवा ठिपका दिसला. मी नवऱ्याला हाक मारून दाखवला. त्याला काही दिसलं नाही, पण तो "वा" म्हणाला.

गच्चीतलं अळू मात्र सुटलंच. ऊन, पाणी आणि दिवसभर कुणीतरी जवळ असलेलं, याहून त्याला काय हवं. दर आठवड्याला वड्या व्हायला लागल्या. मग फदफदं, मग पुन्हा वड्या. नवरा एकदा ताटाकडे बघून म्हणाला, "आता झाडं कमी करता येतील का थोडी?" बाबा स्वतः पानं कापून, देठं एकसारखी बांधून जुड्या करायचे आणि खाली मावशींना नेऊन द्यायचे. मावशी म्हणायच्या, माझंच अळू मला आनता, आणि ठेवून घ्यायच्या.

बाबा सुधारत होते. एकदम नाही. धुकं विरावं तसं, आज थोडं, उद्या जरा जास्त. आधी लक्षात आलं ते पेपरचं. तीच बातमी दोनदा वाचून दाखवणं थांबलं. मग ते माझ्या बसची वेळ मला सांगायला लागले. "आज तुझी गाडी पाच मिनिटं लेट दिसते," असं खिडकीतून दिसणाऱ्या हायवेकडे बघून म्हणायचे, आणि ती असायची. काही महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं तेव्हा आकडा वर आला होता. चष्मा कुठे ठेवला ते ते अजूनही विसरतात. मीही विसरते.

पाऊस सुरू होऊन बरेच दिवस झाले होते तेव्हा कंपनीने मला पुण्याला ट्रेनिंगला पाठवलं, दोन दिवस. बाबा आल्यापासून मी पहिल्यांदाच एक रात्र बाहेर राहणार होते. निघताना सूचना द्यायच्या नाहीत असं ठरवूनही मी गॅसबद्दल बोललेच. दुपारी जेवणाच्या सुट्टीत बाहेर जाऊन फोन केला. नवरा कामावर, घरी बाबा एकटे.

"जेवलात का?"

"जेवलो. आमटी जरा खारट झाली होती. मीच केली होती."

"पाऊस आहे का तिकडे?"

"सकाळपासून धो धो. म्हणून आज पाणी घातलं नाही."

त्यांना वाटलं फोन कट झाला, त्यांनी दोनदा "हॅलो" म्हटलं.

"ऐकतेय," मी म्हटलं. "बरं केलंत."

"लिलीच्या टबात एक बेडूक आलाय," ते म्हणाले. "मासे खाईल का गं तो?"

"छोटा आहे की मोठा?"

"लहान आहे. अंगठ्याएवढा."

"मग राहू द्या. किडे खाईल."

"बरं," ते म्हणाले. "दुपारी ओरडू नये म्हणजे झालं, माझी झोपायची वेळ आहे." आणि त्यांनी फोन ठेवला.

मी आत गेले. माझ्या टेबलावरच्या बायका जेवत होत्या. एकीने सरकून जागा दिली आणि मला चांगलीच भूक लागली आहे हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.